शत्रूवरील प्रेम आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग

अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याचा विषय निघाला की आपल्याकडे पहिली आठवण होते ती ब्लॅक पँथरची. ते साहजिकच आहे. १९६६ साली ओकलंड शहरात उभ्या राहिलेल्या त्या संघटनेचे नाव घेऊनच १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्माला आली. त्या मानाने डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आपल्याकडे तसबिरीपुरते आणि त्यांच्या स्वप्नाच्या भाषणापुरतेच राहिले. त्याला कारणही आहे. किंग हे पाद्री होते, गांधींचे नाव घेत होते आणि आपल्यावर थुंकणाऱ्याशीही चांगुलपणाने वागा असे आपल्या माणसांना सांगत होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी थुंकी झेलली त्यांच्या कानाला ही भाषा गोड लागत नाही. लागूही नये. सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहत बसा असे सांगणारे आपल्याकडेही थोडे झाले नाहीत, आणि बाबासाहेबांनी त्यांना काय उत्तर दिले ते चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तरीही किंग यांचे आयुष्य एकदा या एकाच अंगाने तपासून पाहावे असे मला फार दिवसांपासून वाटत होते. आपला द्वेष करणाऱ्याशी हा माणूस प्रत्यक्षात कसा वागला? व्यासपीठावर नव्हे, तर अंगावर हात पडला तेव्हा, घरावर बॉम्ब पडला तेव्हा. उपदेश करणे सोपे असते. बॉम्ब पडल्यावर काय होते ते पाहायचे असते.

किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ चा, जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरातला. आईचे वडील पाद्री, स्वतःचे वडीलही पाद्री, दोघेही एकाच एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे. आई त्याच चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. मुलाचे पाळण्यातले नाव मायकेल. १९३४ साली वडील जर्मनीला जाऊन आले आणि त्यांनी स्वतःचे व मुलाचे नाव बदलून मार्टिन ल्यूथर केले. घर खाऊनपिऊन सुखी होते. पण कातडीचा रंग घराच्या सुखाला विचारत नाही. समोरच्या रस्त्यावर एका गोऱ्या माणसाचे दुकान होते. त्याचा मुलगा मार्टिनचा सवंगडी. सहा वर्षांचे झाल्यावर दोघे शाळेत जाऊ लागले, एक गोऱ्यांच्या शाळेत आणि एक काळ्यांच्या. आणि एके दिवशी त्या मुलाने सांगितले की, वडिलांनी तुझ्याशी खेळायला मनाई केली आहे. मसूर स्टेशनावरून गोरेगावला निघालेल्या भिवाची गोष्ट आपल्या घराघरात माहीत आहे. ही त्याच जातीची गोष्ट आहे.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आईवडिलांनी मुलाला गुलामीचा सगळा इतिहास सांगितला. मुलाने मनाशी ठरवले की यापुढे प्रत्येक गोऱ्याचा द्वेष करायचा. आईवडील म्हणाले, तसे करता येणार नाही, आपण ख्रिस्ती आहोत, प्रेम करणे हे आपले कर्तव्य आहे. पुढे विद्यार्थिदशेत लिहिलेल्या एका निबंधात किंग यांनी ही हकीकत नोंदवली आहे, आणि त्यात प्रामाणिकपणे हेही लिहिले आहे की ते उत्तर त्यांना पटले नव्हते. जी जात माझा द्वेष करते तिच्यावर मी प्रेम कसे करू, हा प्रश्न पुढे अनेक वर्षे त्यांच्या डोक्यात राहिला. मला हे फार महत्त्वाचे वाटते. प्रेमाचे बाळकडू पाजले आणि पोराने ते गटकन गिळले असे झालेले नाही. शिवाय प्रेमाची भाषा करणारे हे वडील कोणापुढे वाकणारे नव्हते. बुटांच्या दुकानात मागच्या बाकावर जाऊन बसा असे सांगितल्यावर मुलाचा हात धरून तडक बाहेर पडणारे, आणि वयस्क माणसाला पोऱ्या म्हणून हाक मारणाऱ्या गोऱ्या पोलिसाला तिथल्या तिथे सुनावणारे ते गृहस्थ होते. प्रेम आणि ताठ कणा या दोन गोष्टी एकाच घरात राहू शकतात, हे मुलाने तिथे पाहिले.

पुढे पंधराव्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेसाठी ते जॉर्जियातीलच डब्लिन गावी गेले. येताना बस भरली. ड्रायव्हरने शिव्या देत मुलांना आणि त्यांच्या शिक्षिकेला उठवले. मार्टिन उठेना. शेवटी शिक्षिकेने समजावले म्हणून उठला. अटलांटापर्यंतचे नव्वद मैल त्यांनी उभ्याने काढले. आयुष्यात इतका संताप आपल्याला पुन्हा कधी आला नाही, असे ते पुढे सांगत.

अशा संतापाचे माणूस काय करतो? किंग यांनी शिक्षण केले. मोअरहाउस कॉलेज, मग पेनसिल्व्हेनियातील क्रोझर धर्मविद्यालय, मग बोस्टन विद्यापीठाची १९५५ ची डॉक्टरेट. क्रोझरमध्ये बहुसंख्य विद्यार्थी गोरे. तिथे दक्षिणेकडून आलेल्या एका गोऱ्या विद्यार्थ्याच्या खोलीत कोणीतरी चेष्टेने सामानाची उलथापालथ केली. त्याने संशय किंगवर घेतला आणि सरळ पिस्तूल रोखले. बाकीच्या मुलांनी मध्ये पडून प्रकरण मिटवले. तक्रार रीतसर करा, असा आग्रह किंगना झाला. त्यांनी ती केली नाही. त्या विद्यार्थ्याने नंतर सर्वांसमोर माफी मागितली आणि पुढे दोघांची मैत्री झाली.

पण ही झाली शाळाकॉलेजातली गोष्ट. खरी परीक्षा माँटगोमेरीत झाली. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधील जागा सोडायला नकार दिला, त्यांना अटक झाली आणि ५ डिसेंबरपासून शहरातील सुमारे पन्नास हजार काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. नेतृत्व आले २६ वर्षांच्या, गावात नव्याने आलेल्या या पाद्र्याकडे. बसचे निम्म्याहून जास्त प्रवासी काळेच होते, त्यामुळे कंपनीचा गल्ला रिकामा झाला. धमक्या सुरू झाल्या. जानेवारीत एका रात्री उशिरा फोन आला, गाव सोड नाहीतर मारून टाकू अशा अर्थाचा. किंग स्वयंपाकघरात जाऊन कॉफी करून बसले आणि आता हे आपल्याच्याने होत नाही असे त्यांना वाटले. त्या टेबलावर डोके टेकून त्यांनी प्रार्थना केली.

३० जानेवारी १९५६ च्या रात्री ते सभेत असताना त्यांच्या घराच्या ओसरीवर बॉम्ब टाकला गेला. घरात पत्नी कोरेटा आणि अडीच महिन्यांची मुलगी होती. दोघी वाचल्या. किंग घरी पोचले तेव्हा अंगणात शेकडो काळे लोक जमले होते, काहींच्या हातात बंदुका, काहींच्या हातात फुटलेल्या बाटल्या. शहराचा गोरा महापौर आणि पोलीस आयुक्त घरात अडकल्यासारखे उभे होते. एक शब्द चुकला असता तर त्या रात्री रस्त्यावर रक्ताचा सडा पडला असता. किंग ओसरीवर आले. बायको आणि मूल सुखरूप असल्याचे सांगितले. हत्यारे घरी न्या, आपल्याला गोऱ्या बांधवांवर प्रेम करायचे आहे, ते काहीही करोत, असे बोलले. लोक पांगले. त्या काळ्या पाद्र्यामुळे आज आम्ही जिवंत आहोत, असे तिथला एक गोरा पोलीस नंतर म्हणाल्याचे नोंदले गेले आहे.

इथवरची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पुढची माहीत नसते. त्याच रात्री किंग अंथरुणावर तळमळत पडले होते. मूल मेले असते, बायको मेली असती, हे आठवून त्यांचे रक्त उसळत होते, आणि कडवटपणाला आत येऊ द्यायचे नाही असे त्यांना स्वतःलाच पुन्हा पुन्हा बजावावे लागले. हे त्यांनी आपल्या पहिल्या पुस्तकात स्वतःच लिहिले आहे. आणखी एक. स्फोटानंतर त्यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, जो अर्थातच नामंजूर झाला. घरात बंदुका होत्या, पहारेकरीही सशस्त्र होते. अहिंसेचे शिक्षण द्यायला आलेल्या कार्यकर्त्यांनी ते पाहून कपाळाला हात लावला. बंदुका नंतर हळूहळू गेल्या. म्हणजे हा माणूस जन्मजात संत नव्हता. त्याने प्रेम अंगी बाणवले, आणि बाणवताना त्याला त्रास झाला.

आणि आपल्या दृष्टीने कळीची गोष्ट ही की, ओसरीवरच्या त्या भाषणानंतर दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारी १९५६ ला, चळवळीच्या वकिलाने बसमधील वर्णभेदाविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दावा दाखल केला. प्रेम एका बाजूला, दावा दुसऱ्या बाजूला, आणि बहिष्कार चालूच. बॉम्ब टाकणाऱ्याला माफ करणे म्हणजे त्याच्या बसमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसणे नव्हे, हे किंग यांना पक्के माहीत होते. कायद्याने कोणाला माझ्यावर प्रेम करायला लावता येणार नाही, पण मला झाडाला लटकवण्यापासून त्याला रोखता येते, आणि माझ्यासाठी तेही पुष्कळ आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख पुढेही राहिला. ज्यांना किंग यांचे प्रेम हवे असते पण त्यांचा खटला नको असतो, त्यांनी हे लक्षात ठेवावे. आपल्याकडेही अशी मंडळी आहेत. बाबासाहेबांच्या जयंतीला हार घालतात आणि अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवायला गेले की सामंजस्याची भाषा करतात.

तो बहिष्कार ३८१ दिवस चालला. जरा तारखा पाहा. इकडे नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली, तेव्हा तिकडे लोक अकराव्या महिन्यात पायी चालत होते. १३ नोव्हेंबरला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर दोन आठवड्यांनी न्यायालयाचा आदेश माँटगोमेरीत पोचला आणि २१ डिसेंबरला काळे लोक बसमध्ये पुढच्या बाकांवर बसले.

जिंकल्यानंतर त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे, कारण द्वेष करणाऱ्याशी चांगले वागण्याची परीक्षा हरताना होत नाही, जिंकताना होते. चळवळीने बसप्रवासासाठी सूचनांचे एक पत्रक काढले. हा विजय आपला एकट्याचा नाही म्हणून बढाई मारू नका. गोऱ्या माणसाच्या शेजारी बसायचे असेल तर आधी विचारा, बसू का म्हणून. शिवी दिली तर उलट शिवी देऊ नका, धक्का दिला तर उलट धक्का देऊ नका. पण जागेवरून उठू नका. नुसते पत्रक वाटून ते थांबले नाहीत. चर्चमध्ये बसमधल्यासारख्या खुर्च्या मांडून तालमी घेतल्या. कोणी ड्रायव्हर झाला, कोणी उर्मट गोरा प्रवासी झाला, कोणी शिव्या दिल्या, आणि बाकीच्यांनी त्या गिळायची सवय केली. सभ्यपणाची तालीम! मला तरी जगातल्या दुसऱ्या कुठल्या चळवळीने विजयाच्या आदल्या दिवशी असे काही केल्याचे आठवत नाही. याचे बक्षीस काय मिळाले? दोनच दिवसांनी किंग यांच्या घराच्या दारावर बंदुकीचा बार झाला. बसवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात एक गरोदर काळी स्त्री जखमी झाली. जानेवारी १९५७ मध्ये चर्चवर आणि कार्यकर्त्यांच्या घरांवर बॉम्ब पडले. आरोपी पकडले, त्यांनी कबुलीजबाब दिला, आणि तरीही गोऱ्या ज्युरीने त्यांना निर्दोष सोडून दिले. यापुढचे काही सांगायला नको, आपल्या वाचकांना ते आपल्या अनुभवाने कळते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात किंग यांनी आपल्या चर्चमध्ये शत्रूवरील प्रेमावर प्रवचन दिले. पुढे तुरुंगात बसून त्यांनी ते पुन्हा लिहून काढले आणि ते १९६३ च्या पुस्तकात छापले गेले. डोंगरावरील प्रवचनात येशूने शत्रूंवर प्रेम करायला सांगितले आहे, तेव्हा त्याचा अर्थ काय, हा त्यांचा विषय. त्यांनी आधी एक गोष्ट स्वच्छ केली. येशूने शत्रू आवडून घ्या असे सांगितलेले नाही. जो माझ्या घरावर बॉम्ब टाकतो तो मला आवडणार नाही, आणि आवडतो असे म्हणणे ढोंग होईल. ग्रीक भाषेत प्रेमाला तीन शब्द आहेत. एक स्त्री-पुरुषांमधल्या ओढीचा, एक मित्रांमधल्या जिव्हाळ्याचा आणि तिसरा अगापे, म्हणजे समोरचा लायक आहे की नाही हे न पाहता त्याचे भले व्हावे अशी इच्छा. आणि ही इच्छा कधी कामाला येते, तर शत्रूला चिरडण्याची संधी हातात येते तेव्हा. ती संधी सोडून द्यायची. व्यवस्था हरली पाहिजे, त्या माणसाला खच्ची करायचे नाही.

या प्रवचनात एक साधी गोष्ट आहे. किंग आणि त्यांचे धाकटे भाऊ रात्री मोटारीने टेनेसीकडे निघाले होते. समोरून येणारे बहुतेक ड्रायव्हर दिव्यांचा झोत खाली करीत नव्हते. भाऊ गाडी चालवीत होता, तो चिडला, आता मीही झोत खाली करणार नाही म्हणाला. किंग यांनी त्याला समजावले की, दोन्हीकडून डोळे दिपले तर रस्त्यावर कोणीच वाचणार नाही, कोणीतरी अक्कल वापरायला हवी. मुंबई-आग्रा रस्त्यावर रात्रीचा प्रवास केलेल्याला याहून वेगळे भाष्य लागणार नाही.

आता थोडे ख्रिस्ती धर्माबद्दल. ज्या बायबलातून किंग हे प्रेम काढत होते, त्याच बायबलातून गोऱ्या पाद्र्यांनी गुलामगिरीचे समर्थन काढले होते. क्लू क्लक्स क्लानचे लोक क्रूस पेटवून काळ्यांच्या दारात लावत. रविवारी सकाळी अकराची वेळ ही अमेरिकेतली सर्वात जास्त भेदभावाची वेळ आहे, कारण त्या वेळी गोरे गोऱ्यांच्या आणि काळे काळ्यांच्या चर्चमध्ये असतात, हे किंग स्वतःच बोलून दाखवत. एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी जे दीर्घ पत्र लिहिले ते क्लानला नव्हे, तर आठ गोऱ्या धर्मगुरूंना. सबुरीने घ्या, असे सांगणाऱ्या सज्जनांना. त्या पत्राची भाषा सभ्य आहे, पण एकेका वाक्याने त्या सज्जनांची अब्रू काढली आहे. प्रेम करणे म्हणजे गोडगोड बोलणे नव्हे, याचा हा दाखला. आपल्या देशातील चर्चमध्येही जात शिरलेली आहे आणि दलित ख्रिस्ती त्याविरुद्ध झगडत आहेत, तेव्हा हे पत्र त्यांच्याही उपयोगाचे आहे.

किंग फेब्रुवारी १९५९ मध्ये भारतात आले, महिनाभर फिरले. मुंबईच्या फुटपाथवर झोपलेली माणसे त्यांनी पाहिली. त्रिवेंद्रमला अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतून आलेला आपल्यासारखाच अस्पृश्य अशी करून दिली. आधी त्यांना धक्का बसला, राग आला, आणि मग विचार करता करता त्यांनी मनाशी कबूल केले की हो, मी अस्पृश्यच आहे. १९६५ मध्ये अटलांटाच्या प्रवचनात त्यांनी ही हकीकत सांगितली. भारतात अस्पृश्यता गुन्हा ठरवली आहे आणि शिक्षणात खास सवलती आहेत, याचेही त्यांनी कौतुकाने लिहिले. मात्र त्यांच्या लिखाणात याचे श्रेय गांधी-नेहरूंकडे जाते. त्यांना फिरवून आणणाऱ्या यजमानांनी जे दाखवले तेच त्यांनी पाहिले. ही खंत आपल्या मनात राहणारच.

त्याआधी काही महिने, २० सप्टेंबर १९५८ रोजी, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ते पुस्तकावर सह्या देत असताना एका स्त्रीने कागद कापायची सुरी त्यांच्या छातीत खुपसली होती. ती काळी होती आणि तिच्या मनाचा तोल गेलेला होता. पात्याचे टोक महाधमनीला भिडले होते. नुसती शिंक आली असती तरी जीव गेला असता, असे डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आल्यावर किंग यांनी सांगितले की तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, तिच्यावर उपचार करा. आपल्याच लोकांकडून झालेला आघात माफ करणे जास्त कठीण असते, असे मला वाटते. १९६३ मध्ये हार्लेममध्येच काळ्या लोकांनी त्यांच्या मोटारीवर अंडी फेकली, तेव्हाही ते कष्टी झाले होते.

सर्वात बोलका प्रसंग २८ सप्टेंबर १९६२ चा. बर्मिंगहॅममध्ये त्यांच्या संघटनेचे अधिवेशन चालू होते. किंग समारोपाचे बोलत होते. पुढच्या रांगेतून एक गोरा तरुण उठला, व्यासपीठावर चढला आणि त्याने किंग यांच्या तोंडावर ठोसा मारला. किंग मागे कोलमडले. तरुण मारतच राहिला. तेव्हा किंग त्याच्याकडे वळले आणि त्यांनी आपले दोन्ही हात खाली सोडले. तोंड झाकायलासुद्धा हात वर केले नाहीत. सभागृहात शेकडो कार्यकर्ते होते, रोझा पार्क्सही होत्या. काही जण त्या तरुणावर धावून गेले, तर किंग ओरडून सांगू लागले की त्याला हात लावू नका, त्याच्यासाठी प्रार्थना करा. मग त्याला बाजूच्या खोलीत नेऊन ते त्याच्याशी शांतपणे बोलले. तो अमेरिकन नाझी पक्षाचा सदस्य होता. किंग यांनी फिर्याद द्यायला नकार दिला, सुजलेल्या गालावर बर्फ धरून ते व्यासपीठावर परत आले आणि सभा पुढे चालू झाली. फिर्याद नसतानाही शहराच्या न्यायालयाने त्या तरुणाला त्याच दिवशी तीस दिवसांची शिक्षा दिली. जे लोक अहिंसेला एक डावपेच समजत होते, त्यांच्यातल्या अनेकांचे मत त्या हात खाली सोडण्याने बदलले. ठोसा अचानक येतो. त्या वेळी डावपेच आठवत नाहीत, जे आत असते तेच बाहेर येते.

पुढच्या वर्षी त्याच शहरात लहान मुलांवर कुत्रे सोडले गेले, पाण्याचे फवारे मारले गेले. मोर्चात येणाऱ्या प्रत्येकाला एका कार्डावर सही करावी लागे. त्यात मित्राशी आणि शत्रूशीही सौजन्याने वागेन, मुठीची, जिभेची आणि मनाची हिंसा टाळेन, अशी वचने होती. १५ सप्टेंबर १९६३ ला चर्चमध्ये स्फोट होऊन चार मुली मेल्या. तिघींच्या अंत्यविधीला किंग बोलले, गोऱ्या बांधवांवरचा विश्वास सोडू नका असे त्यांनी आईबापांसमोर सांगितले. त्या आईबापांना ते कसे ऐकवले असेल कोण जाणे. इथे माझे मन अडखळते, हे मी लपवीत नाही. पण याच किंग यांनी अलाबामाच्या गव्हर्नरला तार करून त्या मुलींच्या रक्ताचा दोष थेट त्याच्या माथी मारला होता.

सेल्मा येथील शेरीफ जिम क्लार्क हा मोर्चेकऱ्यांना विजेचे दंडुके टोचत पळवणारा माणूस. फेब्रुवारी १९६५ मध्ये तो छातीत दुखून इस्पितळात दाखल झाला. तेव्हा ज्यांना त्याने पळवले होते त्या शाळकरी मुलांनी कोर्टाच्या बाहेर पावसात गुडघे टेकून त्याला बरे वाटावे म्हणून प्रार्थना केली. त्यात थोडा खट्याळपणाही होता, शरीराबरोबर त्याचे मनही बरे व्हावे अशी त्यांची मागणी होती. क्लार्क बरा झाला. सुधारला मात्र नाही. त्याच वर्षी ६ ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा झाला, काळे मतदार वाढले आणि १९६६ च्या निवडणुकीत क्लार्कची शेरीफकी गेली. प्रार्थनेने नाही, मतपेटीने.

माल्कम एक्स यांना हे सगळे मान्य नव्हते. मार खाऊन प्रेम करायला शिकवणे म्हणजे गुलामाला गुलाम ठेवणे, असे ते उघड म्हणत आणि किंगवर त्यांनी बोचरी टीका केली. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. दोघांची भेट आयुष्यात एकदाच झाली, २६ मार्च १९६४ ला, मिनिटभराची. फेब्रुवारी १९६५ मध्ये किंग सेल्माच्या तुरुंगात असताना माल्कम तिथे आले, कोरेटांना भेटले आणि तुमच्या नवऱ्याचे काम अवघड करायला नव्हे, सोपे करायला आलो आहे असे सांगून गेले. काही दिवसांतच माल्कम यांचा खून झाला. किंग यांनी त्यांच्या पत्नीला सांत्वनाची तार पाठवली. आपल्या गटातटांच्या नेत्यांनी या दोन माणसांचा हा एवढा भाग तरी वाचावा.

एफ.बी.आय.चा प्रमुख एडगर हूव्हर याने १९६४ मध्ये किंगना देशातला सर्वात बदनाम खोटारडा म्हटले. त्याच्या खात्याने त्यांच्या हॉटेलच्या खोल्यांत ध्वनियंत्रे लपवली, त्यांच्या खाजगी आयुष्यातील चुका टिपल्या आणि जीव देण्यास सुचवणारे निनावी पत्र पाठवले. १ डिसेंबर १९६४ ला किंग हूव्हरला भेटायला गेले, शांतपणे त्याचे लांबलचक बोलणे ऐकून आले आणि नऊ दिवसांनी ऑस्लोला नोबेल पारितोषिक घेतले. पारितोषिकाची चौपन्न हजार डॉलर्सची रक्कम त्यांनी चळवळीला दिली. १९६६ मध्ये शिकागोत डोक्यात दगड बसून ते गुडघ्यावर आले, उठले आणि चालू लागले.

शेवट मेम्फिस शहरात. १ फेब्रुवारी १९६८ ला दोन सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत बसले होते. यंत्र चालू झाले आणि दोघे चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला तेराशे काळे सफाई कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यात एकच फलक होता, मी माणूस आहे असे सांगणारा. नोबेल मिळवलेला माणूस कचरा उचलणाऱ्यांच्या संपासाठी तिथे पुन्हा पुन्हा गेला. ४ एप्रिलच्या संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या गच्चीत एका गोऱ्या मारेकऱ्याच्या गोळीने त्यांचा प्राण घेतला. वय ३९. शंभराहून अधिक शहरांत आगी लागल्या. १६ एप्रिलला मेम्फिसच्या महापालिकेने कामगारांच्या युनियनला मान्यता दिली.

वडील मागे राहिले होते. सहा वर्षांनी, ३० जून १९७४ च्या रविवारी, एबेनेझर चर्चमध्ये ऑर्गनवर बसलेल्या किंग यांच्या आईला एका तरुणाने गोळी घालून ठार मारले. तो काळा होता. म्हाताऱ्या वडिलांनी सांगितले की, मुलाला मारणारा गोरा आणि बायकोला मारणारा काळा, या दोघांपैकी कोणाचाही मी द्वेष करीत नाही. न्यायालयाने त्या तरुणाला फाशी सुनावली. किंग कुटुंबाने फाशीला विरोध केला. १९९५ मध्ये ती शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली.